शालू कोण?

आमच्या गावात रस्त्याला खड्डे पडले की रस्ता 'मधुबाला झाला' असं म्हणतात. नव्या सोसायटीत राहायला आलेल्या माणसाच्या कानावर हे पडलं की त्याला वाटतं, वा, काय रसिक गाव आहे! मग एक दिवस तो स्कूटरवरून पडतो आणि त्याला अर्थ कळतो.

गाव आपलं म्हणायचं. खडकवासल्याच्या अलीकडचं, आता पुण्यात गेलेलं. ज्वारीच्या रानात बारा-बारा मजले उभे राहिले, बैल गेले, गोठ्यांच्या जागी गाड्या आल्या. गेली नाही ती पारावरची जीभ. आणि त्या जिभेचा मालक होता आमचा दत्तोबा.

मी आणि दत्तोबा एका शाळेतले. मारुतीच्या देवळात भरायची शाळा. दत्तोबाला गणित आलं नाही, भूगोल आला नाही, पण माणसाला नाव ठेवायची विद्या त्याला आईच्या पोटातूनच आली होती. त्याचा नियम सोपा. नाव मोठ्या माणसाचं घ्यायचं आणि लावायचं उलटं. पोस्टमन पायानं अधू होता, तो झाला 'मिल्खा'. वाण्याच्या मुलीचा आवाज फुटक्या पिपाणीसारखा, ती 'लता'. दिवसभर दुसऱ्याच्या विड्या मागून ओढणारा एक होता, तो 'टाटा'. मी शेंगा खाऊन टरफलं शेजाऱ्याच्या बाकाखाली सारायचो, म्हणून मी 'टिळक'. अजूनही पारावर कुणी शेंगा फोडल्या की म्हणतात, "टिळकगिरी करू नकोस, टरफलं उचल."

गंमत पुढंच आहे. माणूस मरायचा, पण नाव मरायचं नाही. ते गावभर कामाला लागायचं. पोस्टमन जाऊन वीस वर्षं झाली, पण आमची सकाळची बस अजून 'मिल्खा'च आहे. विडी मागायला तोंड उघडलं की 'टाटा झालास का?' वाण्याच्या मुलीला आवाजापायी तीन स्थळांनी नाकारलं, शेवटी ती लांब बार्शीकडं दिली. तिथं तिला कुणी लता म्हणत नसेल असं आम्हाला वाटायचं, तर दत्तोबा मुद्दाम तिच्या वरातीत गेला आणि नव्या सासरच्या पोरांना नाव शिकवून आला. असा माणूस! हसून हसून पोट दुखायचं.

आता त्याच्या लग्नाचं ऐका.

मुलगी बापानं ठरवली होती, मुळशीकडची. दत्तोबानं ती आधी पाहिलेलीच नव्हती. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, सगळा चेहरा व्रणांनी भरलेला. दत्तोबाच्या हातातला हार तसाच राहिला. मी आणि चांद शेजारी उभे होतो. चांद म्हणजे आमचा चांदभाई, सायकलदुकानवाला. त्याच्या दुकानात भिंतीवर मधुबालेचा फोटो होता, आणि दत्तोबा पंक्चर नसतानाही रोज सायकल घेऊन तिथं जायचा. त्या फोटोपुढं त्यानं लग्नाची काय काय स्वप्नं पाहिली असतील ते त्याचं त्याला ठाऊक.

संध्याकाळी घास भरवायची वेळ आली. बायका नवऱ्या मुलाला सोडतात होय? "नाव घ्या, नाव घ्या!" नवरीची आई दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. दत्तोबानं घास हातात घेतला, मांडवाकडं एकदा बघितलं आणि म्हणाला,

"पाथरवटानं पाट्याला टाकी दिली चार वेळा,
नाव घेतो, ऐका मंडळी, माझी मधुबाला!"

टाकी दिलेला पाटा ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. सगळा खाचाखाचांचा. मांडव असा फुटला की वाजंत्रीवाले हसता हसता पिपाणी गिळायच्या बेतात. नवरीच्या आईनं पदर आणखी वर घेतला. नवरीनं मात्र तोंड उघडलं, घास घेतला आणि चावून खाल्ला.

तेव्हापासून तिचं नाव मधुबाला. रेशनकार्डावर सासऱ्यानं 'रुक्मिणी' घातलं, आमच्याकडं सुनेचं नाव बदलतात म्हणून. गावानं मधुबाला केलं. आणि आईबापानं ठेवलेलं 'शालू' हे नाव राहिलं मुळशीला. मूलबाळ झालं नाही. नाहीतर बाईला निदान 'अमक्याची आई' एवढं तरी नाव मिळतं. हिला तेही नाही. दीर-पुतण्यांची ती मधुबालाकाकी, शेजारणींची मधुबालावैनी. पुढं खाचा पडलेलं जे जे असेल ते सगळं मधुबाला. करपून फोड आलेली भाकरी मधुबाला, पोचे पडलेली बादली मधुबाला, पावसाळ्यानंतरचा रस्ता तर हक्कानं मधुबाला. सोसायटीतली सोनाली म्हणून एक संगणकवाली बाई आहे, तिनं परवा मोबाइलवर सोसायटीच्या गटात टाकलं, 'मेन रोड टोटल मधुबाला आहे, प्लीज पार्किंगच्या साइडने या.' आता या बाईला काय माहीत, की मधुबाला तिच्याच गेटबाहेर कोथिंबीर विकायला बसते आणि ती तिच्याकडून रोज जुडी घेते!

शालू मात्र हाक आली की 'ओ' द्यायची. बस.

मग दत्तोबाची जीभ गेली. ती कशी गेली तेही सांगण्यासारखंच आहे. पारावर आम्ही दहा-बारा जण. समोरच्या इमारतीत नवा रखवालदार आलेला, चांगला सहा फुटी, पण नाक असं बसकं की चष्मा टिकेना. आम्ही म्हणालो, "दत्तोबा, याचं बारसं राहिलंय." दत्तोबानं डोळे बारीक केले. तोंड उघडलं. आणि तोंड एका बाजूला गेलं. हात खाली पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या! वाटलं, नुसतं नाव नाही, आज नक्कलही करून दाखवतोय. कुणीतरी म्हणालं, "वन्स मोर!" लाळ गळायला लागली तेव्हा चांदभाई ओरडला, "हसता काय, येड्यांनो, झटका आलाय त्याला!"

दवाखान्यातून परत आला तो काठी टेकत. उजवा हात लोंबता. आणि बोलणं म्हणाल तर एकच शब्द उरलेला. मधुबाला. पाणी हवं, मधुबाला. लघवीला न्या, मधुबाला. दुखतंय, मधुबाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा दुखावली की कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, तो कुठला राहील हे कुणाच्या हातात नसतं. पारावर तर आनंदीआनंद. पोरं मुद्दाम विचारायची, "काका, देशाचे पंतप्रधान कोण?" काका घाम फुटेस्तोवर तोंड हलवायचे आणि म्हणायचे, "मधुबाला." सगळ्या गावाला ज्यानं नावं ठेवली, त्याला आता कुठलंच नाव घेता येईना. बार्शीला कुणीतरी फोन करून वाण्याच्या मुलीला हे सांगितलं म्हणे. तिनं गावजेवण घातलं असेल तर नवल नाही.

दवाखान्यानं सांगितलं, बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, सदाशिव पेठेत, तिथं न्या. दर आठवड्याला जायचं. दत्तोबाला एका बाजूनं शालू धरायची, दुसऱ्या बाजूनं मी. घरी तरी मला काय काम होतं?

बाईंचं नाव मिसबा बागवान. तिशीची पोर, जन्मापासून पेठेशेजारी वाढलेली, मराठी अशी की आमच्या मारुतीच्या मास्तरांनी उभं राहून ऐकावं. दत्तोबानं तिला खालीवर पाहिलं. जुनी सवय! ओठ हलले, डोळे चमकले, काहीतरी नाव सुचलं असावं त्याला. आणि बाहेर पडलं, "मधुबाला."

मिसबा लाजली. "थँक्यू आजोबा. सकाळपासून पहिल्यांदा कुणी बरं बोललं." दत्तोबानं मग शालूकडं बोट करून पुन्हा तेच म्हटलं, तशी ती शालूकडं वळून म्हणाली, "आजी, मधुबाला आपलं नाव का? किती छान."

शालूनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"न्हाई," शालू म्हणाली. पुढचा शब्द सापडायला दत्तोबाला लागायचा तेवढा वेळ तिलाही लागला. "माझं नाव शालू हाय."

"मग मी शालूआजी म्हणू ना?"

या बाईच्या चेहऱ्यावरचे खड्डे मी इतकी वर्षं पाहत होतो, पण ते हसताना हलतात हे मला त्या दिवशी कळलं.

मिसबाची पद्धत न्यारी. ती म्हणायची, नुसतं बोलायला सांगितलं तर यांना जमणार नाही, पण पाठ झालेलं असतं ते दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. तिनं टेबलावर ताल धरला आणि म्हणाली, "आजोबा, बे एकं..." आणि काय सांगू, दत्तोबा गडगडत निघाला, "बे एकं बे, बे दुणे चार!" शाळेत कधी धड न आलेला पाढा! मग आरती म्हणाला, अर्धी. थांबला की पुन्हा मधुबालावर गाडी.

"आजी," मिसबा एकदा म्हणाली, "आरती आली, पाढे आले. आता एखादं नाव आणायचा प्रयत्न करू. कुठलं आणू?"

शालूला विचार करावा लागला नाही. "माझं. चारचौघांत." आणि मग तिनं सगळं सांगितलं. मांडव, पाटा, पाथरवट, आई, सगळं. मिसबाचा ताल धरलेला हात थांबला. शालू म्हणाली, "सोन्यानाण्याचं मला काय करायचंय? मूल न्हाई, बाळ न्हाई. त्या दिवशी भरल्या मांडवात माझं नाव यांनी घेतलं न्हाई. येत्या माघात लग्नाला पन्नास वर्सं व्हत्यात. तवा भरल्या मांडवात घ्यावं. येकदा. मग मेले तरी चालंल."

"कोण मेलं तरी?" मी विचारलं.

"कुणीबी," शालू म्हणाली.

तर मग उखाणाच बसवायचा ठरला, कारण उखाण्याला ताल असतो. शालूनं स्वतः रचला. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता रचला असेल.

"धरणाच्या भिंतीवर पाखरं लागली बोलू,
पन्नास वर्षं सोबतीला, माझी शालू."

सदाशिव पेठेत ताल, घरी ताल, रिक्षात ताल. रिक्षावाला सिग्नलला वळून म्हणायचा, "आजोबा, आता मीच घेऊ का नाव?" दत्तोबा 'पाखरं'पर्यंत यायचा आणि घसरायचा. मग 'बोलू'पर्यंत आला. मग 'सोबतीला'पर्यंत. त्यानंतर एक दम घ्यायचा, ओठ पुढं काढायचा, आणि, "मधुबाला." शालू म्हणायची, "पुन्यांदा." वैतागून त्यानं एकदा काठी फेकली. तिनं ती उचलून आणली, हातात दिली आणि म्हणाली, "पुन्यांदा." आणि लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात मिसबाच्या टेबलाशी आला एकदाचा, वाकड्या तोंडातून, पण स्वच्छ. "शालू."

मिसबा रडली. शालू रडली नाही. "आता मांडवात," म्हणाली.

मांडव घातला होता संभाजीनं. संभाजी दत्तोबाचा पुतण्या, निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत. त्याला चारशे लोक जेवायला घालायला निमित्त हवंच होतं. रस्त्यापलीकडच्या लॉनवर कार्यक्रम, गेटवर फ्लेक्स. फ्लेक्सवर संभाजी हात जोडून, माणसाएवढा. त्याच्या बगलेत पुढारी. खाली एका कोपऱ्यात, पासपोर्टएवढ्या फोटोत, नवरा-बायको. 'श्री. दत्तोबा व सौ. मधुबाला यांच्या सुवर्णमहोत्सवी...' आणि पुढं बरंच काही.

शालू फ्लेक्सपुढं थांबली. "संभा, हे नाव?"

"काकी, रुक्मिणी टाकलं असतं तर लोक म्हणाले असते रुक्मिणी कोण. मतदार गोंधळतो. चला आत, पुढारी आलेत."

भाषणं झाली. मग संभाजीनं ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आता आपले लाडके काका, ज्यांची वाचा देवानं नेली होती, ते आपल्या लाडक्या मधुबालाकाकींचं नाव घेणार आहेत!" लोक आधीच हसायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं काय येणार ते. वर्षभर तेच तर येत होतं. काही पोरांनी मोबाइल वर धरले.

शालूनं दत्तोबाच्या मांडीवर बोटांनी ताल धरला. नऊवारी इरकल नेसली होती, आईची. मिसबा पहिल्या रांगेत, ओठांनीच उखाणा म्हणत.

"धरणाच्या... भिंतीवर... पाखरं लागली बोलू..."

मागची माणसं पुढं सरकली. कुणाला वाटलं नव्हतं म्हातारा इतकं बोलेल.

"पन्नास वर्षं... सोबतीला..." दत्तोबानं दम घेतला. ओठ पुढं काढले. "माझी शालू."

टाळी पडली ती एकच, मिसबाची.

बाकी चारशे माणसं एकमेकांकडं बघत होती. मग मागून, जिलेबीच्या टेबलाकडून, आवाज आला, "शालू कोण?"

आणि मग जे सुटलं म्हणता! "आयला, म्हाताऱ्याची दुसरी निघाली!" "झटक्यात खरं नाव बाहेर पडलं रे!" "पन्नास वर्षं सोबतीला म्हणतोय, ऐकलं का?" "अन् ते दर आठवड्याला सदाशिव पेठेत काय म्हणून जायचा? बोलायला शिकायला?" "हो, शालूकडं शिकायला!" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक पुढारी खुर्चीवरून घसरला.

शालू उठली. संभाजीच्या हातातून ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "अहो, शालू म्हंजे मी! माझं नाव हाय ते! माहेरचं!"

मग संभाजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं डोळ्याला रुमाल लावला, पुढाऱ्याला साजेसा. "मंडळी, बघा. आजच्या पोरींनी शिकावं. नवऱ्याची अब्रू झाकायला ही माउली दुसऱ्या बाईचं नाव अंगावर घेते आहे. टाळ्या!"

टाळ्या काय पडल्या! लोक उभे राहिले. दोन-चार जणी येऊन तिच्या पाया पडल्या. "लई मोठ्या मनाची हो तुम्ही, मधुबालावैनी."

चांदभाई चिडून उठला. "अरे गाढवांनो, वहिनींचंच नाव शालू! मी लग्नात होतो. तिची आई हाक मारत होती."

"म्हणजे चांदभाई, तुम्हालाही ठाऊक होतं?" संभाजी म्हणाला. पुन्हा हशा. "मैत्री असावी तर अशी!" चांदभाई लाल होऊन खाली बसला. मिसबा उभी राहून काही सांगायला लागली, तर मागून कुणी ओरडलं, "हीच पेठेतली! हिच्याकडंच भेटायची असणार!" ती पोर पर्स घेऊन निघून गेली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्या तोंडात जिलेबी होती, आणि गरम होती.

दत्तोबा या सगळ्यात खुर्चीवर बसून होता, वर्गात पहिलं उत्तर बरोबर आलेल्या पोरासारखा. लोक हसताहेत म्हणजे काम फत्ते, हे तर तो जन्मभर शिकला होता. त्याला चेव आला. "शालू," तो म्हणाला. "शालू. शालू!" पोरं शिट्ट्या मारत होती.

तेव्हापासून ती गाडी त्याच रुळावर आहे. जुना शब्द पार पुसला गेला. पाणी हवं, शालू. लघवीला न्या, शालू. ओसरीवर बसून तो हाक मारतो आणि रस्त्यानं जाणारी पोरं बायकी आवाज काढून उत्तर देतात, "आलेऽऽ, पेठेतून निघालेऽऽ!" आणि शब्दही कामाला लागला आहे. कुणी कामावर दांडी मारली की 'शालूकडं गेला होता'. रिक्षावाला भलत्या रस्त्यानं निघाला की 'शालूवरून नेऊ नकोस'. संभाजी सकाळी घरी सापडला नाही तर त्याची बायको स्वतःच म्हणते, "बसले असतील कुठंतरी शालूकडं." मोठ्या माणसांच्या नावांना पसरायला जेवढी वर्षं लागली तेवढे आठवडेही या शब्दाला लागले नाहीत. फार तेजी आहे त्याला!

मिसबाचे फोन येतात. शालू उचलत नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. शालू उंबऱ्याशी बसलेली, हातात दत्तोबाच्या चहाची कपबशी. दत्तोबा समोर, ओसरीवर. ती दुसऱ्या हातानं फरशीवर ताल धरत होती. मी म्हटलं, "काय शालूवैनी, आज पेठेत नाही?"

तिनं वर पाहिलं. "नाना, मधुबाला निदान ह्या घरातली तरी व्हती," म्हणाली, आणि पुन्हा दत्तोबाकडं वळली. "हं. म्हना माझ्यासंगं. पाथरवटानं पाट्याला..."

"पाट्याला," दत्तोबा म्हणाला.

"टाकी दिली..."

"टाकी दिली चार वेळा."

"नाव घेतो, ऐका मंडळी, माझी..."

दत्तोबानं दम घेतला. तिच्या तोंडाकडं पाहिलं, चहाकडं पाहिलं. डाव्या हातानं धोतराचा सोगा घट्ट धरला, ओठ पुढं काढले आणि मिसबानं शिकवलं होतं तसं, अक्षर अक्षर स्वच्छ, म्हणाला, "शालू."

तिनं कपबशी मागं घेतली. चहावर साय धरली होती.

"पुन्यांदा," ती म्हणाली. "पाथरवटानं पाट्याला..."